भन्ते जीवक : ज्यांना ऑपरेशनचा पस्तावा झाला नाही

तृतीयपंथी आणि ट्रान्स बांधवांचा विषय निघाला की आपल्या बैठकांमध्येही एक वाक्य हमखास ऐकू येते : ऑपरेशन करून घेतात आणि मग जन्मभर पस्तावतात. हे ऐकले की मला लोबझांग जीवक आठवतात. चीवर धारण करण्याआधी त्यांचे नाव मायकेल डिलन होते.

1 मे 1915 रोजी लंडनमध्ये एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. काही दिवसांतच आई वारली आणि फोकस्टोनला आत्यांनी त्यांना वाढवले, मुलगी म्हणून. ऑक्सफर्डमध्ये ते मुलींच्या रोइंग क्लबचे अध्यक्षही झाले. पण आपण पुरुष आहोत, ही खूणगाठ मनात पक्की होती. 1939 साली त्यांनी टेस्टोस्टेरॉन घ्यायला सुरुवात केली. महायुद्धात ब्रिस्टलच्या एका गॅरेजमध्ये ते राबले. तिथल्याच एका सर्जनने त्यांच्या छातीची शस्त्रक्रिया केली आणि पुढची वाटही दाखवली. 1944 मध्ये जन्मदाखल्यावरची नोंद बदलली.

ती वाट होती सर हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडची. पहिल्या महायुद्धात छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांचे चेहरे पुन्हा उभे करणारे हे सर्जन. 1946 ते 1949 या काळात त्यांनी डिलन यांच्यावर किमान 13 शस्त्रक्रिया केल्या. बोभाटा नको म्हणून कागदावर वेगळाच आजार लिहिला गेला. स्त्री म्हणून जन्मलेल्या माणसावर झालेली अशी ही जगातली पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. हे सगळे सोपे नव्हते. कातडी जिथून काढली तिथे जखमा चिघळल्या, काठी घेऊन चालावे लागले. कोणी विचारले तर युद्धातली जखम म्हणून सांगायचे! आणि हे चालू असतानाच डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात डॉक्टरकीचा अभ्यास. 1951 मध्ये ते डॉक्टर झाले, पुढे जहाजावर नोकरीला लागले.

एवढे सोसूनही मागे फिरावे असे त्यांना वाटले नाही. दाढी राखणारा, पाइप ओढणारा हा डॉक्टर आपल्या देहात सुखी होता. दुःख आले ते बाहेरून. 1958 मध्ये सरदार घराण्यांच्या दोन नोंदवह्यांमध्ये तफावत सापडली : एकीत भाऊ, दुसरीत बहीण. वर्तमानपत्रांनी बातमी फोडली तेव्हा त्यांचे जहाज अमेरिकेत बाल्टिमोरला होते. सख्खा भाऊ तुटला. डिलन यांनी नोकरी सोडली आणि भारत गाठला.

कलिंपोंगला ते इंग्रज भिक्खू संघरक्षितांकडे राहिले. तेच संघरक्षित, जे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या दिवशी नागपुरात होते आणि ज्यांनी शोकाकुल नवबौद्धांना धीर दिला. पुढे सारनाथला डिलन श्रामणेर झाले. बुद्धांच्या वैद्याचे नाव त्यांनी घेतले. उकिरड्यावर टाकलेले ते मूल पुढे मगधाचा राजवैद्य झाले, हे आपल्याला ठाऊकच आहे.

उपसंपदेची वेळ आली तेव्हा विनयातला नियम आडवा आला. पंडकाला संघात प्रवेश नाही, आणि डिलन यांना त्या खान्यात बसवले गेले. संघरक्षितांचाही विरोध होता. त्यांनी आपल्या समाजासाठी केलेले काम मोठे आहे, पण इथे ते चुकले असे माझे मत आहे. जन्मावरून दार बंद करणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

जीवक तिबेटी परंपरेकडे वळले. लडाखच्या रिझोंग विहारात ते गेत्सुल, म्हणजे श्रामणेर, झाले. सरदार घराण्यातला हा डॉक्टर तिथे स्वयंपाकघरात पडेल ते काम करायचा, नवशिक्या पोरांच्या रांगेत बसायचा. परवान्याची मुदत संपली तसे त्यांना लडाख सोडावे लागले, आणि ती हुरहुर मात्र कायम राहिली.

पुढे हातात पैसा उरला नाही, खाण्याचे हाल झाले, पण लिहिणे थांबले नाही. मिलारेपांचे चरित्र लिहिले, रिझोंगच्या दिवसांवर पुस्तक लिहिले. 1 मे 1962 ला, 47 व्या वाढदिवशी, आत्मचरित्र पूर्ण केले. दोन आठवड्यांनी, 15 मे रोजी, डलहौसीच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले. भावाला ते हस्तलिखित जाळायचे होते. ते वाचले, आणि 2016 मध्ये पुस्तक म्हणून छापले गेले.