मैदानाचे दार सर्वांसाठी उघडणारे नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी

कोलकात्याच्या पूर्वेकडील बिधाननगर, म्हणजेच सॉल्ट लेक परिसरातील विवेकानंद युवा भारती क्रीडांगण हे भारतातील सर्वांत मोठे फुटबॉल स्टेडियम म्हणून ओळखले जाते. जानेवारी १९८४ मध्ये नेहरू चषक स्पर्धेने या स्टेडियमवरील खेळाला प्रारंभ झाला, तेव्हा त्याची प्रेक्षकक्षमता सुमारे १ लाख २० हजार होती. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन संघांमध्ये सामना असला की येथे सर्व थरांतील, सर्व जातीधर्मांचे लोक खांद्याला खांदा लावून बसतात. आज ही गोष्ट कोणालाही विशेष वाटत नाही. तथापि, सुमारे सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी याच शहरात, एका कुंभाराच्या मुलाला फुटबॉल संघात घ्यावे की नाही, या प्रश्नावरून एक नामांकित क्लब बंद झाला होता. तो बंद करणाऱ्या तरुणाचे नाव नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी. भारतीय फुटबॉलचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो.

नगेंद्रप्रसाद यांचा जन्म २७ ऑगस्ट १८६९ रोजी झाला. सर्वाधिकारी घराणे विद्वत्तेसाठी बंगालमध्ये प्रसिद्ध होते. वडील सूर्यकुमार हे नामवंत डॉक्टर होते, तर बंधू सर देवप्रसाद पुढे कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशा घरातील मुलाने शिक्षण घ्यावे, पदवी मिळवावी आणि प्रतिष्ठेचा व्यवसाय करावा, अशीच त्या काळी अपेक्षा असे. खेळाला त्यात फारसे स्थान नव्हते.

त्यातच, बंगाली माणूस बुद्धीने तल्लख असला तरी शरीराने दुबळा असतो, असा समज इंग्रज अधिकाऱ्यांनी रूढ केला होता. सुशिक्षित बंगाली समाजाला हा समज झोंबत होता. त्याला उत्तर म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात ठिकठिकाणी आखाडे आणि व्यायामशाळा सुरू झाल्या. नगेंद्रप्रसाद यांचे बालपण याच वातावरणात गेले.

पहिली किक

त्यांच्या फुटबॉलप्रेमाचा प्रारंभ कसा झाला, याची हकिकत बंगालमध्ये पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. १८७७ च्या सुमारास, आठ-नऊ वर्षांचे नगेंद्रप्रसाद आपल्या आईसोबत गाडीतून गंगास्नानाला निघाले होते. वाटेत मैदानावर काही गोरे लोक चेंडू खेळताना दिसले. कुतूहलाने ते गाडीतून उतरले आणि कडेला उभे राहून खेळ पाहू लागले. इतक्यात चेंडू त्यांच्याजवळ आला. खेळणाऱ्यांपैकी एकाने तो पायाने मारून परत पाठवण्यास सांगितले आणि लहानग्या नगेंद्रप्रसाद यांनी तो जोरात टोलावला. एका भारतीयाने फुटबॉलला मारलेली ही पहिली किक, असे बंगाली क्रीडारसिक अभिमानाने सांगतात.

त्यावेळी ते हेअर स्कूलचे विद्यार्थी होते. या अनुभवाने भारावलेल्या नगेंद्रप्रसाद यांनी वर्गमित्रांना खेळाचे वर्णन ऐकवले आणि सर्वांनी वर्गणी काढून चेंडू विकत आणला. तो चेंडू रग्बीचा निघाला, ही गोष्ट मुलांच्या लक्षातही आली नाही. शेजारच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील इंग्रज प्राध्यापक जी. ए. स्टॅक यांनी मुलांचा चाललेला गोंधळ पाहिला. त्यांनी मुलांना योग्य चेंडू मिळवून दिला आणि खेळाचे नियमही समजावून सांगितले, असे या हकिकतीत पुढे सांगितले जाते. हेअर स्कूलमधील या मुलांचा गट भारतीयांच्या पहिल्या फुटबॉल संघांपैकी एक ठरला.

पुढील काही वर्षांत नगेंद्रप्रसाद यांनी एकामागून एक क्लब स्थापन केले. त्यांचा पहिला क्लब बॉइज क्लब या नावाने ओळखला गेला. खेळाडू म्हणून ते आघाडीच्या फळीत खेळत असत. परंतु संघ बांधणे, वर्गणी गोळा करणे, मैदान मिळवणे आणि तरुणांना एकत्र आणणे या कामांत त्यांचे कौशल्य अधिक दिसून आले. बंगालमध्ये फुटबॉलचा प्रसार मुख्यत्वे शाळा-महाविद्यालयांतून झाला, त्यामागे अशा संघटकांचे परिश्रम होते.

मैदान कोणाचे?

कोलकात्याचे मैदान म्हणजे फोर्ट विल्यम किल्ल्याभोवतीचा विस्तीर्ण मोकळा पट्टा. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा किल्ला बांधला, तेव्हा तोफांच्या माऱ्याच्या आड काही येऊ नये यासाठी ही जागा मोकळी ठेवण्यात आली. ती लष्कराच्या अखत्यारीत होती आणि आजही आहे. त्यामुळे तेथे खेळण्यासाठी जागा मिळणे हे सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असे. कलकत्ता फुटबॉल क्लबसारख्या गोऱ्यांच्या क्लबांत भारतीयांना प्रवेश नव्हता.

अशा परिस्थितीत नगेंद्रप्रसाद यांचा वेलिंग्टन क्लब विशेष नावारूपाला आला. शहरातील प्रतिष्ठित घराण्यांतील तरुण त्याचे सभासद होते. क्लबाकडे पैसा होता, प्रतिष्ठा होती आणि उत्तम खेळाडूही होते. याच काळात मोनी दास नावाच्या तरुणाला सभासद करून घेण्याचा प्रस्ताव नगेंद्रप्रसाद यांनी मांडला. मोनी दास उत्तम खेळत असत. मात्र ते कुंभाराचे पुत्र होते. उच्चवर्णीय सभासदांनी या प्रस्तावाला विरोध केला. हलक्या मानलेल्या जातीतील मुलाबरोबर एका संघात वावरणे त्यांना मान्य नव्हते.

नगेंद्रप्रसाद यांच्यासमोर दोन मार्ग होते. मोनी दास यांना बाहेर ठेवून क्लब टिकवता आला असता, किंवा स्वतः राजीनामा देऊन त्या वादातून अंग काढून घेता आले असते. त्यांनी हे दोन्ही मार्ग नाकारले आणि क्लबच विसर्जित केला. स्वतःच्या हाताने उभी केलेली, भरभराटीला आलेली संस्था एका खेळाडूच्या हक्कासाठी मोडून टाकण्याचे असे उदाहरण त्या काळात विरळाच.

या घटनेचे महत्त्व मराठी वाचकांना चटकन उमगेल. त्यानंतर काही वर्षांतच, पुण्यात पळवणकर बाळू या असामान्य गोलंदाजाला अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात जन्मल्यामुळे मैदानाबाहेर अवहेलना सोसावी लागली. सामन्यात त्यांच्या हाती चेंडू दिला जाई, परंतु चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात मिळत असे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. गोऱ्यांना हरवण्यासाठी आपल्यातील सर्वोत्तम खेळाडू हवेत, पण त्यांच्या पंगतीला बसायचे नाही, ही विसंगती पुण्यात होती तशीच ती कोलकात्यातही होती. नगेंद्रप्रसाद यांनी तिच्याशी तडजोड करण्यास नकार दिला.

शोभाबाजारचा विजय

वेलिंग्टन क्लब बंद झाल्यानंतर, १८८७ मध्ये शोभाबाजार क्लबाची स्थापना झाली. उत्तर कोलकात्यातील शोभाबाजारच्या देव राजघराण्याचा या क्लबाला आश्रय लाभला. नगेंद्रप्रसाद यांचे या घराण्याशी सोयरसंबंधही जुळले. नव्या क्लबाचे दार सर्व जातींसाठी खुले ठेवण्यात आले आणि मोनी दास यांना प्रारंभीच सभासद करून घेण्यात आले. शोभाबाजारला लागूनच कुमारटुली ही कुंभारांची प्रसिद्ध वस्ती आहे. तेथील कारागिरांनी घडवलेल्या दुर्गेच्या मूर्तीपुढे शहरातील मोठमोठी घराणी नतमस्तक होत असत. त्याच जातीच्या तरुणाला संघात स्थान मिळावे म्हणून नवा क्लब उभा करावा लागला, हे त्या काळाचे वास्तव होते.

१८८९ मध्ये ट्रेड्स कप स्पर्धा सुरू झाली. १८९२ मध्ये या स्पर्धेत शोभाबाजार क्लबाने ईस्ट सरे रेजिमेंटच्या संघाचा २-१ असा पराभव केला. भारतीय संघाने स्पर्धेतील सामन्यात ब्रिटिश लष्करी संघाला हरवण्याची ही पहिली वेळ मानली जाते. या विजयाने खेळाच्या मैदानावर राज्यकर्त्यांशी बरोबरी करता येते, हा विश्वास भारतीय खेळाडूंमध्ये निर्माण झाला.

१८९३ मध्ये इंडियन फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि त्याच वर्षी आयएफए शील्ड स्पर्धेला प्रारंभ झाला. पहिल्या शील्ड स्पर्धेत खेळणारा शोभाबाजार हा एकमेव भारतीय क्लब होता. असोसिएशनच्या कारभारावर मात्र दीर्घकाळ युरोपीय क्लबांचेच वर्चस्व राहिले. १८९८ मध्ये सुरू झालेल्या कोलकाता लीगमध्ये भारतीय संघांना १९१४ पर्यंत प्रवेश मिळाला नाही. त्यानंतरही पहिल्या श्रेणीत दोनहून अधिक भारतीय संघ असू नयेत, हा निर्बंध १९२५ पर्यंत कायम होता. वेलिंग्टन क्लबातील उच्चवर्णीय सभासदांनी मोनी दास यांच्याबाबत जी भूमिका घेतली होती, तीच भूमिका गोऱ्यांचे क्लब सर्व भारतीयांबाबत घेत होते.

२९ जुलै १९११ रोजी मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून आयएफए शील्ड जिंकले. शिवदास भादुडी यांच्या नेतृत्वाखालील या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. हा विजय भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील सोनेरी पान ठरला. त्याची पायाभरणी दोन दशकांपूर्वी नगेंद्रप्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती.

गर्दी मोठी, जागा अपुरी

१९११ च्या त्या अंतिम सामन्यासाठी हजारो लोक मैदानावर लोटले. दूरवरच्या जिल्ह्यांतूनही माणसे आली. प्रेक्षकांसाठी पुरेशी बैठकव्यवस्था नसल्याने असंख्य लोकांना खेळ दिसलाच नाही. कोणत्या संघाचे किती गोल झाले, हे पतंग उडवून मागच्या गर्दीला कळवण्यात येत होते. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या या खेळाला साजेसे स्टेडियम मात्र शहरात नव्हते. १७ जानेवारी १९४० रोजी नगेंद्रप्रसाद यांचे निधन झाले, तेव्हाही ही स्थिती बदललेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतरही मोठ्या फुटबॉल स्टेडियमसाठी कोलकात्याला जवळजवळ चार दशके वाट पाहावी लागली. मैदानाची जमीन लष्कराच्या ताब्यात असल्याने तेथे भव्य कायमस्वरूपी बांधकाम करणे शक्य नव्हते. मोठे सामने क्रिकेटसाठी प्रसिद्ध असलेल्या ईडन गार्डन्सवर खेळवले जाऊ लागले. तेथेच १६ ऑगस्ट १९८० रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील सामन्याच्या वेळी प्रेक्षकांमध्ये हाणामारी होऊन चेंगराचेंगरी झाली आणि १६ जणांना प्राण गमवावे लागले. त्यांच्या स्मरणार्थ बंगालमध्ये हा दिवस फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो.

अखेरीस शहराच्या पूर्वेला, खाऱ्या पाण्याच्या दलदलीत हुगळी नदीतील गाळ भरून वसवलेल्या सॉल्ट लेकमध्ये नवे स्टेडियम उभे राहिले. जुलै १९९७ मध्ये फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ४-१ असा पराभव केला. बायचुंग भुतियाच्या हॅटट्रिकने गाजलेल्या त्या सामन्याला सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक उपस्थित होते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेसाठी स्टेडियमचे नूतनीकरण करण्यात आले. प्रत्येकाला स्वतंत्र आसन देण्यात आल्याने प्रेक्षकक्षमता बरीच कमी झाली. त्या स्पर्धेचा इंग्लंड आणि स्पेन यांच्यातील अंतिम सामना ६६ हजारांहून अधिक प्रेक्षकांनी येथे पाहिला.

नगेंद्रप्रसाद यांच्या जीवनावर आधारित ‘गोलंदाज’ हा बंगाली चित्रपट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला आणि नव्या पिढीला त्यांची ओळख झाली. मराठीत हा शब्द क्रिकेटमध्ये चेंडू टाकणाऱ्यासाठी रूढ आहे. त्याचा मूळ अर्थ तोफ डागणारा. बंगाली चित्रपटकारांनी तो गोल करणाऱ्या खेळाडूसाठी योजला आहे.

स्टेडियमची भव्यता सहसा आसनसंख्येवरून मोजली जाते. त्या आसनांवर कोणाला बसता येते आणि समोरच्या हिरवळीवर कोणाला खेळता येते, हा प्रश्न नगेंद्रप्रसाद यांच्या काळात अनुत्तरित होता. त्यांनी त्याचे उत्तर स्वतःचा क्लब मोडून दिले. सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर आज संघात निवड होताना खेळाडूची जात विचारली जात नाही. या साध्या वाटणाऱ्या गोष्टीमागे एका तरुणाचा तो निर्णय आणि मोनी दास यांचा खेळ आहे.