शांतिदूत ऊ थांट

ब्रह्मदेशात (आजच्या म्यानमारमध्ये) आडनाव लावण्याची पद्धत नाही. माणूस वयाने, मानाने मोठा झाला की नावाच्या आधी 'ऊ' लावतात. आपण दादा, काका म्हणतो ना, तसेच. म्हणजे साऱ्या जगाला ठाऊक असलेल्या ऊ थांट यांचे खरे नाव एवढेच : थांट. संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस झालेला आशिया खंडातील हा पहिला माणूस, आणि तो बौद्ध होता. आपल्या मुलांच्या कानावर हे नाव फारसे पडत नाही, म्हणून ही हकीकत.

२२ जानेवारी १९०९ रोजी इरावती नदीच्या मुखाकडील पान्तनाव गावी त्यांचा जन्म झाला. चार भावांत थोरले. चौदाव्या वर्षी वडील गेले, पाठोपाठ वारसाहक्काचा वाद निघून घर खाली आले. रंगूनच्या कॉलेजात दोन वर्षे काढली, पदवी मात्र राहून गेली. गावी येऊन मास्तर झाले, पुढे त्याच शाळेचे मुख्याध्यापक. शाळेतले त्यांचे मित्र ऊ नू स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पंतप्रधान झाले आणि मास्तरांना सरकारात ओढून घेतले. डिसेंबर १९५४ मध्ये परमपूज्य बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, त्या काळात ऊ थांट पंतप्रधानांचे सचिव होते. नागपूरला बाबासाहेबांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थवीरही मूळचे ब्रह्मदेशाचेच.

१९५७ पासून ते राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधी होते. १८ सप्टेंबर १९६१ रोजी सरचिटणीस हॅमरशोल्ड आफ्रिकेत विमान अपघातात गेले. रशियाला एका सरचिटणीसाऐवजी तिघांचे मंडळ हवे होते, अमेरिकेला ते नको होते. शेवटी दोघांनाही चालेल असा माणूस म्हणून या शांत मास्तरांचे नाव निघाले. ३ नोव्हेंबर १९६१ ला ते हंगामी सरचिटणीस झाले.

मे १९६२ मध्ये त्यांचा मुलगा रंगूनमध्ये बसमधून पडून मरण पावला. त्या दुःखात आपल्याला लहानपणापासूनच्या बौद्ध संस्कारांनी आणि ध्यानाने सावरले, असे त्यांनी पुढे आत्मकथनात नमूद केले. अनित्यतेचा पाठ आपण विहारात ऐकतो, पण पोटचा मुलगा गेल्यावर तो आठवणे सोपे नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात क्युबाचा पेच आला. रशियाने तिथे अणुअस्त्रे नेली, अमेरिकेने समुद्रात नाकेबंदी केली. ऊ थांट यांच्या हाती ना फौज, ना जहाज. २४ ऑक्टोबरला त्यांनी केनेडी आणि ख्रुश्चेव्ह दोघांनाही एकाच वेळी पत्रे धाडली : एकाने शस्त्रे पाठवणे थांबवावे, दुसऱ्याने नाकेबंदी, दोन-तीन आठवड्यांसाठी. मागाहून आणखी पत्रे गेली. माघार घ्यायची तर अब्रू जाते, ही दोघांची अडचण होती. राष्ट्रसंघाची विनंती मान्य केली असे म्हणता आले, की माघार वाटत नाही. पेच सुटू लागताच ते स्वतः हवानाला जाऊन कॅस्ट्रोंना भेटले. सोबत भारताचे जनरल इंद्रजित रिखी होते. श्रेय मात्र बहुतेक पुस्तकांत दोन नेत्यांनाच मिळाले.

दोष मिळाला तो १९६७ साली. इजिप्त आणि इस्रायल यांच्या सीमेवर १९५६ पासून राष्ट्रसंघाची शांतिसेना होती. तीत भारतीय जवानही होते आणि त्या वेळी प्रमुख रिखीच होते. ही सेना ज्या देशाच्या भूमीवर उभी, त्याच्या संमतीनेच तिथे राहू शकत होती. मे महिन्यात इजिप्तने सेना काढून घ्या म्हटले. सेना आपल्या बाजूला उभी करू द्या, असे ऊ थांट यांनी इस्रायलला विचारले, नकार आला. १८ मे रोजी त्यांनी सेना मागे घेण्याचे मान्य केले आणि नासरना समजवायला कैरोला निघाले. ते पोहोचण्याआधीच नासरनी तिरानची सामुद्रधुनी इस्रायली जहाजांना बंद केल्याचे जाहीर केले. ५ जूनला युद्ध पेटले. गाझात अजून परतीची वाट पाहणारे काही भारतीय जवान त्यात मारले गेले. मग काय, सगळे खापर ऊ थांट यांच्या डोक्यावर! आमच्या मते त्यांनी निर्णयाला चार दिवस लावले असते तर बोलणी तरी झाली असती. पण यजमान देशाने नको म्हटल्यावर तीन-चार हजार जवानांना दोन फौजांच्या मध्ये कोणाच्या भरवशावर ठेवायचे होते, हे टीकाकारांनी सांगितले नाही.

त्याआधी १९६५ च्या भारत-पाक युद्धात ते रावळपिंडी आणि दिल्ली या दोन्हीकडे धावले होते. व्हिएतनामसाठीही गुप्त बोलणी जुळवू पाहिली. अमेरिकेने दाद दिली नाही. १९७१ अखेर ते निवृत्त झाले. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने निधन.

मायदेशी तेव्हा ने विन यांची लष्करी राजवट होती. तिचा ऊ नू यांच्या या मित्रावर राग. देह रंगूनला आला, पण सरकारी मान काही मिळाला नाही. ५ डिसेंबरला विद्यार्थ्यांनी आणि भिक्खूंनी शवपेटी विद्यापीठात नेली आणि १९६२ साली लष्कराने उडवून दिलेल्या विद्यार्थी संघाच्या इमारतीच्या जागी त्यांना पुरले. ११ डिसेंबरच्या पहाटे सैन्य आत घुसले, विद्यार्थी मारले गेले, पेटी उकरून काढली गेली. दुसरे दफन श्वेडगॉन पॅगोड्याजवळ झाले. तिथेच त्यांची समाधी आहे.