फ्रिट्झ झ्विकी (१८९८–१९७४)

‘अतिनवतारा’ (सुपरनोव्हा) या संज्ञेतील ‘नव’ तुमची दिशाभूल करील. नव्याने प्रकटलेला तो प्रकाश वस्तुतः एका ताऱ्याचा अंत असतो. भाषेने दृश्य टिपले, घटना नव्हे.

बल्गेरियातील वार्ना येथे जन्मलेले, स्वित्झर्लंडमध्ये शिकलेले झ्विकी १९२५ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आले, ते कायमचे. न्यूट्रॉनचा शोध १९३२ मध्ये लागला. दोनच वर्षांत वाल्टर बाडे यांच्यासह त्यांनी प्रतिपादन केले की, अशा स्फोटात सामान्य ताऱ्याचे रूपांतर न्यूट्रॉनांच्या अतिघन गोळ्यात होते. तर्क धाडसी, आधार तुटपुंजा आणि मांडणाऱ्याचा स्वभाव फटकळ! समकालीनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही, यात नवल ते काय?

झ्विकी यांनी मग पुराव्याची वाट धरली. १९३६ पासून पालोमार पर्वतावरील १८ इंची श्मिट दुर्बिणीतून त्याच त्या दीर्घिकांची छायाचित्रे पुनःपुन्हा घेऊन ते ती ताडून पाहत. अशा चिकाटीने आयुष्यभरात त्यांनी शंभराहून अधिक अतिनवतारे शोधले.

स्फोटामागील कारण पुढील संशोधकांनी उलगडले. सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याच्या गाभ्यात अखेरीस लोह साचते. लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. गाभा क्षणार्धात कोसळतो आणि बाहेरील थर अवकाशात उधळले जातात.

१९६८ मध्ये वृषभ राशीतील क्रॅब अभ्रिकेत, म्हणजे चिनी निरीक्षकांनी १०५४ मध्ये नोंदवलेल्या स्फोटाच्या जागी, एक स्पंदक आढळला. तो न्यूट्रॉन ताराच होता. झ्विकी तेव्हा सत्तर वर्षांचे होते.