यांगत्सेचा बंद दरवाजा ठोठावणारे राजदूत : जोसेफ ग्रू

अमेरिकेचे ख्यातनाम मुत्सद्दी जोसेफ क्लार्क ग्रू यांचा जन्म २७ मे १८८० रोजी बॉस्टन येथे झाला. हार्वर्डमधील शिक्षण संपवून ते परराष्ट्रसेवेत शिरले. बालपणीच्या आजाराने आलेला ऐकण्यातील मंदपणा त्यांच्या आड आला नाही. तुर्कस्तानातील राजदूतपदानंतर १९३२ मध्ये त्यांची टोकिओला नेमणूक झाली.

१९३७ मध्ये चीन-जपान युद्ध पेटले. जपानी आरमार अडविण्यासाठी चीनने जियांगयिनजवळ जहाजे बुडवून यांगत्सेचा मार्ग रोखला. पुढे नदीच्या खालच्या खोऱ्याचा ताबा मिळताच जपानने ती परकीय व्यापाराला बंदच ठेवली. हँकौ पडल्यावर नोव्हेंबर १९३८ मध्ये ग्रू यांनी नदी खुली करण्याची लेखी मागणी केली. ब्रिटन व फ्रान्स यांनीही तेच केले. लष्करी हालचाली आणि पाण्यातील सुरुंग यांची सबब सांगून जपानने नकार दिला. परंतु त्याच पाण्यातून जपानी व्यापारी माल सुखरूप जात होता, हे ग्रू यांच्या नजरेतून सुटले नाही.

जुलै १९३९ मध्ये अमेरिकेने जपानशी झालेला १९११ चा व्यापारी करार सहा महिन्यांनी संपविण्याची सूचना दिली, तेव्हा टोकिओचा सूर बदलला. १८ डिसेंबर रोजी परराष्ट्रमंत्री नोमुरा यांनी सुमारे दोन महिन्यांत नानकिंगपर्यंत नदी खुली करण्याचा मनोदय ग्रू यांना कळविला. या पावलाला प्रतिसाद द्यावा असे ग्रू यांना वाटे. वॉशिंग्टनला मात्र तेवढे पुरेसे वाटले नाही. जानेवारी १९४० मध्ये जपानी मंत्रिमंडळ कोसळले, करारही संपुष्टात आला आणि वचन कागदावरच राहिले.

या वादात चीनचे म्हणणे कोणी फारसे विचारले नाही, ही त्यातील खरी विसंगती होय. परकीय जहाजांना यांगत्से खुली झाली तीच मुळी युद्धाच्या धाकाने लादलेल्या १८५८ च्या तिएनत्सिन तहाने.

पर्ल हार्बरनंतर ग्रू काही महिने नजरकैदेत राहिले आणि १९४२ मध्ये मायदेशी परतले. नित्यनेमाने लिहिलेल्या दैनंदिनीच्या आधारे त्यांनी १९४४ मध्ये ‘टेन इयर्स इन जपान’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. २५ मे १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. नदी त्यांना उघडता आली नाही. पण युद्धापूर्वी शब्दांनी काय साधले आणि काय निसटले, याची प्रामाणिक नोंद त्यांनी मागे ठेवली.