हिमभूमीची कन्या

युरोप खंडाच्या उत्तर टोकास नॉर्वे नावाचा देश आहे. तेथील हिवाळा दीर्घ आणि कडक असतो. तळी गोठून टणक होतात आणि तळाशी पोलादी पाते बसवलेले बूट घालून मुले त्या बर्फावरून वेगाने घसरू लागतात. या बुटांना ‘स्केट्स’ म्हणतात. अशा या देशात, आजच्या ऑस्लो नगरीच्या परिसरात, १८ मार्च १९१५ रोजी लायला स्काउ निल्सेन हिचा जन्म झाला.

स्केटिंगची शर्यत ४०० मीटर लांबीच्या बर्फाळ मार्गावर होते. एका वेळी दोनच खेळाडू धावतात. परंतु प्रत्येकाची खरी चुरस घड्याळाशी असते. ५००० मीटरच्या शर्यतीत अशा साडेबारा फेऱ्या घालाव्या लागतात. पाठ वाकलेली, समोरून बोचरा वारा आणि दर फेरीगणिक जड होत जाणाऱ्या मांड्या! एवढे श्रम स्त्रियांना झेपणार नाहीत, असे त्या काळी पुष्कळांना वाटे. पुरुषांच्या स्केटिंगच्या शर्यती १९२४ पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये होत होत्या. स्त्रियांच्या शर्यती मात्र १९३२ साली केवळ प्रात्यक्षिक म्हणून झाल्या. त्यांना पदके नव्हती.

१९३६ साली जर्मनीत ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा लायला वीस वर्षांची होती. तिच्या आवडत्या शर्यतीला तेथे स्थान नव्हते. तथापि ती निराश होऊन घरी बसली नाही. डोंगरउतारावरून स्कीवर घसरत येण्याची स्पर्धा त्या वर्षी ऑलिंपिकमध्ये प्रथमच घेण्यात आली होती आणि ती स्त्रियांनाही खुली होती. लायलाने तीत भाग घेतला. सरळ उताराच्या शर्यतीत ती सर्वांच्या पुढे आली. वळणावळणाच्या दुसऱ्या शर्यतीत ती मागे पडली. तरी दोन्ही मिळून तिने कांस्यपदक पटकावले.

पुढच्याच वर्षी ती आपल्या मूळ खेळाकडे वळली. स्वित्झर्लंडमधील दावोस हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असल्याने धावणाऱ्यास वाऱ्याचा अडथळा कमी होतो. १९३७ साली याच ठिकाणी लायलाने ५०० मीटर अंतर ४६.४ सेकंदांत आणि ५००० मीटर अंतर ९ मिनिटे २८.३ सेकंदांत तोडले. पहिले अंतर चपळाईचे, तर दुसरे दमाचे. दोन्हींत तिने जागतिक विक्रम केले. १०००, १५०० आणि ३००० मीटरचे विक्रमही तिच्याच नावावर जमा झाले. १९३७ आणि १९३८ अशी लागोपाठ दोन वर्षे ती जगज्जेती ठरली.

पुढे महायुद्ध भडकले आणि नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात गेला. आंतरराष्ट्रीय सामने बंद पडले. युद्धानंतर, १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये, लायलाबाई पुन्हा उतरल्या, त्याही स्कीच घेऊन. कारण स्त्रियांच्या स्केटिंगला अजूनही तेथे प्रवेश नव्हता. टेनिसमध्येही त्यांनी आपल्या देशाची अनेक अजिंक्यपदे मिळवली.

अखेर १९६० साली अमेरिकेतील स्क्वॉ व्हॅली येथे स्त्रियांच्या स्केटिंगला ऑलिंपिकची पदके प्रथम मिळाली. तेव्हा लायलाबाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. त्या सामन्यांतील स्त्रियांचे सर्वांत लांब अंतर ३००० मीटर होते. ५००० मीटरच्या शर्यतीसाठी १९८८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅनडातील कॅलगरी येथे हॉलंडच्या इव्होन व्हान गेनिप हिने हे अंतर ७ मिनिटे १४.१३ सेकंदांत पार करून सुवर्णपदक जिंकले. दावोसच्या विक्रमास तेव्हा एक्कावन्न वर्षे झाली होती.

१९९८ साली लायलाबाईंचे निधन झाले. स्केटिंगचे ऑलिंपिक पदक त्यांच्या संग्रही नव्हते. परंतु स्त्रियांना जे झेपणार नाही असे लोक समजत होते, ते त्यांनी ऐन तारुण्यात करून दाखवले होते. मान मिळो वा न मिळो, आपले काम जीव ओतून करणाऱ्या माणसाचे श्रम वाया जात नाहीत, हेच त्यांचे चरित्र आपणांस शिकवते.