अध्यापकांचें स्वराज्य

गोपाळ गणेश आगरकर यांचें नांव कोल्हापुराशीं जोडलें गेलें तें कारागृहामुळें. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांजवरील मजकुराबद्दल १८८२ सालीं टिळक व आगरकर यांस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. १८५६ सालीं टेंभू येथें दरिद्री घरीं जन्मलेले आगरकर एम्. ए. होऊनही सरकारी नोकरीकडे वळले नाहींत. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व पुढील वर्षीं फर्ग्युसन कॉलेज स्थापणारांत ते अग्रभागीं होते. परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या हातीं होत्या. परंतु अंतर्गत कारभार आजीव सभासद झालेले अध्यापकच बहुमतानें चालवीत. तीव्र मतभेद होऊन १८९० सालीं टिळक बाहेर पडले, तरी ही व्यवस्था मोडली नाहीं. १८९२ पासून १८९५ सालीं देह ठेवीपर्यंत आगरकर तेथें प्राचार्य होते.

आज शिवाजी विद्यापीठाच्या कांहीं महाविद्यालयांस स्वायत्तता लाभली आहे. ती संस्थाचालकांच्या दिवाणखान्यांतच अडली, तर केवळ धनी बदलला असें होईल. अध्यापकांस मताचा अधिकार आणि त्या अधिकारासाठीं झीज सोसण्याची त्यांची तयारी, या दोहोंवांचून स्वायत्तता पोकळ होय. आमच्या व्यापारी बंधूंनीं देणगी देतांना एवढें अवश्य विचारावें: येथें अध्यापकांच्या मतानें कांहीं ठरतें काय?