विश्लेषण : फोनच्या बॅटरीतलं लिथियम मानसोपचारात कसं आलं? जॉन केड यांची गोष्ट

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्याच्या बॅटरीत लिथियम आहे. हे लिथियम बनवताना बहुतेक वेळा लिथियम कार्बोनेट ही पांढरी पावडर वापरतात. हीच पावडर गोळीच्या रूपात बायपोलर आजाराच्या रुग्णांना दिली जाते. तिचा हा उपयोग दाखवून दिला ऑस्ट्रेलियन डॉक्टर जॉन केड यांनी.

केड यांचा जन्म 1912 चा, व्हिक्टोरिया राज्यातल्या मुर्टोआचा. वडील मनोरुग्णालयात डॉक्टर, त्यामुळे लहानपण रुग्णालयांच्या आवारातच गेलं. पुढे दुसरं महायुद्ध आलं. 1942 मध्ये सिंगापूर पडलं आणि केड तीन वर्षांहून जास्त काळ चांगीच्या जपानी छावणीत युद्धकैदी होते. तिथे मानसिक तोल गेलेले सोबती पाहून या आजारांचं मूळ शरीरात असावं, अशी शंका त्यांना येऊ लागली.

प्रयोगशाळा नव्हे, कोठीघर

मेलबर्नजवळच्या बंडुरा इथल्या रुग्णालयात एका रिकाम्या कोठीघरात त्यांनी काम सुरू केलं. त्यांचा तर्क असा : उन्मादाच्या रुग्णाच्या शरीरात काही तरी विषारी द्रव्य तयार होत असेल, तर ते लघवीतून बाहेर पडेल. म्हणून रुग्णांची लघवी गिनिपिगना टोचली. त्यातल्या युरिक ॲसिडवर त्यांचा संशय होता, पण ते पाण्यात नीट विरघळत नाही. लिथियमचा क्षार मात्र विरघळतो, एवढ्याच कारणाने लिथियम या प्रयोगात आलं. आणि गिनिपिग चक्क शांत झाले! पाठीवर उताणं ठेवलं तरी धडपडेनात. (ती शांतता कदाचित विषबाधेचीच होती, असं पुढे अनेकांनी म्हटलं. म्हणजे तर्क चुकला, उत्तर बरोबर आलं.)

केड यांनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं. मग 29 मार्च 1948 रोजी पाच वर्षं उन्मादात असलेल्या 51 वर्षांच्या रुग्णाला ते दिलं. काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. उन्मादाच्या दहा रुग्णांचे अनुभव केड यांनी सप्टेंबर 1949 मध्ये प्रसिद्ध केले.

मग घोडं कुठे अडलं?

त्या पहिल्या रुग्णाने औषध सोडलं, आजार उलटला, पुन्हा औषध सुरू झालं आणि 1950 मध्ये लिथियमच्या विषबाधेनेच तो गेला. केड यांनी लिथियम देणं थांबवलं. त्याच सुमारास अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाल्लेल्या हृदयरुग्णांचे मृत्यू झाले होते. कारण साधं आहे : मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. मीठ कमी केलं की लिथियम शरीरात साठत जातं. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फारच थोडं. आम्हा इंजिनीअर लोकांच्या भाषेत, सेफ्टी मार्जिन जवळपास नाहीच.

मार्ग निघाला तो रक्तातलं लिथियम मोजण्यातून. मेलबर्नच्याच ट्राउटनर आणि सहकाऱ्यांनी 1951 मध्ये शंभरावर रुग्णांवरचं काम मांडलं. डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी 1954 मध्ये रीतसर चाचणी घेतली. अमेरिकेने मान्यता दिली ती 1970 मध्ये, म्हणजे केड यांच्या लेखानंतर 21 वर्षांनी.

केड यांनी पुन्हा असा मोठा शोध लावला नाही. 1977 पर्यंत ते मेलबर्नच्या रॉयल पार्क मनोरुग्णालयाचे प्रमुख होते, 1980 मध्ये त्यांचं निधन झालं. आजही लिथियम घेणाऱ्यांना ठरावीक काळाने रक्त तपासून घ्यावं लागतं. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करणं किंवा अचानक मीठ तोडणं, दोन्ही धोक्याचंच.